एसएमपीटीई की इंटरऑप? मराठी माहितीपटाच्या डीसीपीसाठी काय निवडावं?

मिठागर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

एका माहितीपटाचं डीसीपी, म्हणजे थिएटरच्या सर्व्हरवर चालणारं चित्र-ध्वनीचं डिजिटल पॅकेज, करायचं आहे आणि एसएमपीटीई व इंटरऑप या दोन मानकांपैकी कोणत्यात बांधायचं हेच ठरत नाही. लॅब म्हणते, "इंटरऑप करा, सगळीकडे चालतं." युरोपातल्या एका महोत्सवाच्या तांत्रिक सूचनांत मात्र एसएमपीटीईला प्राधान्य दिलंय, इंटरऑपही चालेल असं खाली बारीक अक्षरात आहे.

तपशील असे. लांबी ९७ मिनिटं, चित्रीकरण आणि संकलन दोन्ही सेकंदाला २५ फ्रेमवर. मास्टर १९२० बाय १०८०, प्रोरेस ४४४४, रेक ७०९. ध्वनी ५.१. चित्रपटाची भाषा मराठी, इंग्रजी सबटायटल एसआरटी फाइलमध्ये तयार आहेत. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी मराठी सबटायटलची वेगळी प्रत करायची आहे. सेन्सॉरचं प्रमाणपत्र अजून हातात नाही.

दाखवायचं तीन ठिकाणी: महोत्सव, जिल्ह्याच्या गावांतली काही एकपडदा थिएटरं, आणि परदेशातलं एक महाराष्ट्र मंडळ भाड्याच्या थिएटरात खेळ लावणार आहे.

एकच मानक निवडायचं झालं तर कोणतं? दोन्ही करायची तर दोनदा एन्कोड करावं लागतं का?

---

बूथ_क्रमांक_दोन

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दोन्हींत चित्राचा दर्जा सारखाच असतो. दोन्हीकडे जेपेग २०००, १२ बिट, एक्सवायझेड रंग आणि सेकंदाला कमाल २५० मेगाबिट. म्हणजे २४ फ्रेमवर एका फ्रेमला जास्तीत जास्त १३,०२,०८३ बाइट. ध्वनीही दोन्हीकडे २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, न दाबलेला. "एसएमपीटीईत चित्र जास्त छान दिसतं" असं कोणी सांगितलं तर दुर्लक्ष करा.

फरक आहे तो वेष्टनात आणि कागदपत्रांत. डीसीआय या हॉलिवूड स्टुडिओंच्या डिजिटल सिनेमा गटाचं पहिलं स्पेसिफिकेशन जुलै २००५ मध्ये आलं, पण एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेची मानकं छापून यायला वेळ लागणार होता आणि थिएटरं तर थांबायला तयार नव्हती. तेव्हा सर्व्हर बनवणाऱ्यांनी आपसांत जे किमान ठरवून घेतलं ते इंटरऑप. त्याच्या सीपीएलच्या (काय कोणत्या क्रमाने चालवायचं ते सांगणाऱ्या एक्सएमएल यादीच्या) नेमस्पेसमध्ये, म्हणजे ओळखीच्या पत्त्यात, आजही २००४ ची तारीख आहे. एसएमपीटीईची ४२९ आणि ४२८ ही मालिका त्यानंतरची, आणि तिचा काटेकोर वापर कसा करायचा ते सांगणारा आरडीडी ५२ हा दस्तऐवज २०२० चा. त्यालाच लोक बीव्ही २.१ म्हणतात.

हातात आलेलं डीसीपी कोणतं ते फोल्डर उघडताच कळतं. अ‍ॅसेटमॅप आणि व्हॉलइंडेक्स या फाइलींना एक्स्टेन्शन नसेल तर इंटरऑप. पुढे डॉट एक्सएमएल असेल तर एसएमपीटीई. नुसतं एक्स्टेन्शन बदलून मानक बदलत नाही. आतल्या एमएक्सएफची (चित्र-ध्वनी गुंडाळलेल्या फाइलींची) लेबलं, एक्सएमएलचे नेमस्पेस, सहीची पद्धत (इंटरऑपला शा-१, एसएमपीटीईला शा-२५६) सगळंच वेगळं असतं.

तुमच्या बाबतीत माझं मत: मुख्य प्रत एसएमपीटीई, २४ फ्रेम, २के फ्लॅट (स्कोपपेक्षा कमी रुंद पडद्याचं माप). इंटरऑप मागितलं तरच करा.

२४ फ्रेम का, तेही सांगतो. इंटरऑपमध्ये अधिकृतपणे २४ आणि ४८ एवढेच वेग आहेत. २५ चं इंटरऑप काही सर्व्हर चालवतात, पण त्या भरवशावर खेळ लावू नये. एसएमपीटीईत २५ वैध आहे, तरी जुन्या फर्मवेअरवर ते अडतं. म्हणून तुमचे १,४५,५०० फ्रेम आहेत तसेच ठेवा आणि २४ ने चालवा. एकही फ्रेम गाळायचा नाही, एकही नवा घडवायचा नाही. लांबी ९७ मिनिटांची १०१ मिनिटं अडीच सेकंद होईल. फ्रेम मिसळून २५ चे २४ केले तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र सेकंदाला एकदा अडखळतं, आणि मोठ्या पडद्यावर ते लपत नाही.

ध्वनीही त्याच प्रमाणात, ४.१६६७ टक्क्यांनी लांबवावा लागेल. नुसता संथ केला तर सूर सुमारे ०.७ सेमीटोनने, म्हणजे हार्मोनियमच्या एका पट्टीला थोडा कमी एवढा, उतरतो. निवेदनात हे सहसा कोणाला कळत नाही. गाण्यात ओळखीचा गायक असेल तर कळतं. सूर राखून लांबवायचं असेल तर सहाही चॅनल एकत्र, एकाच प्रक्रियेत घाला. चॅनल सुटे सुटे लांबवले तर त्यांच्यातला फेज बिघडतो आणि मधला आवाज डावी-उजवीकडे पसरतो. टाळ, हलगी, घंटा अशा तीक्ष्ण आघातांवर टाइम-स्ट्रेच वाईट वाजतं. शक्य असेल तर ध्वनिमिश्रकाकडून संवाद, संगीत आणि परिणाम वेगवेगळे स्टेम घेऊन त्याच्याकडूनच करून घ्या.

सबटायटलच्या वेळाही २५ भागिले २४ ने गुणा. एक तासावरचं वाक्य एक तास अडीच मिनिटांवर जातं. हे राहून गेलं तर शेवटाकडे सबटायटल चार मिनिटं आधी येतील.

चित्र १९२० रुंद आहे, फ्लॅटचं माप १९९८. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेल काळे सोडा, ताणू नका.

---

जुनी_टॉकी

वरच्या उत्तरातलं बहुतेक पटतं, पण "मागितलं तरच इंटरऑप" हे तालुक्याच्या थिएटरांना लागू करताना जपून. तिथे मागणारा कोणी नसतो. डिस्क खेळाच्या आदल्या रात्री पोचते आणि सर्व्हर ती घेत नाही हे सकाळी कळतं.

पहिल्या पिढीचे डीएलपी प्रोजेक्टर आणि त्यांच्यासोबतचे बाहेरचे सर्व्हर जिथे अजून चालू आहेत, तिथे सबटायटल सर्व्हर रंगवत नाही. तो मजकूर नेटवर्कच्या तारेवरून प्रोजेक्टरला देतो आणि प्रोजेक्टर तो चित्रावर चढवतो. ही व्यवस्था इंटरऑपच्या सबटायटलसाठीच घडली. अशा जोडीला एसएमपीटीई सबटायटल दिलं की चित्र-ध्वनी व्यवस्थित चालतो आणि सबटायटल मात्र गायब. चूक कुठेच दिसत नाही, म्हणून हा दोष सापडायला सगळ्यात अवघड.

ध्वनीचंही पाहा. एसएमपीटीईच्या काटेकोर रूपात १६ चॅनलचा ट्रॅक आणि प्रत्येक चॅनलला लेबल अपेक्षित असतं. जुने सर्व्हर लेबल वाचतच नाहीत, क्रमावर जातात. म्हणून क्रम चुकवू नका: डावा, उजवा, मधला, एलएफई (खोल आवाजाचा), डावा सराउंड, उजवा सराउंड. सातवा कमी ऐकू येणाऱ्यांच्या ध्वनीचा आणि आठवा दृष्टिहीनांच्या निवेदनाचा. बाकीचे रिकामे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून डावा, मधला, उजवा अशा क्रमाने निघालेली फाइल तपासल्याशिवाय आत घातली तर संवाद उजव्या स्पीकरमधून येतात.

रिकामे चॅनलही जागा खातात, कारण ध्वनी दाबलेला नसतो. तुमच्या १०१ मिनिटांना सहा चॅनल म्हणजे सुमारे ५.२ जीबी, सोळा म्हणजे जवळपास १४ जीबी. चित्र १२५ मेगाबिटवर ठेवलं तर ९५ जीबीच्या आसपास. मंद यूएसबीवर सेकंदाला ३० एमबी धरले तर सोळा चॅनलची प्रत सर्व्हरवर चढायला तासभर लागतो. माहितीपटाला २५० मेगाबिटची गरज नसते. १०० ते १५० पुरे. फार दाणेदार किंवा पाण्याच्या लाटांची दृश्यं असतील तरच वर जा.

आणि एक महत्त्वाचं. सगळी एकपडदा थिएटरं डीसीपी चालवत नाहीत. अनेक ठिकाणी डिजिटल सेवा देणाऱ्या कंपनीची स्वतःची बंद पद्धत असते, जी डीसीआयच्या चौकटीबाहेरची आहे. तिथे इंटरऑप की एसएमपीटीई हा प्रश्नच नाही. मास्टर त्या कंपनीकडे द्यायचा, ती आपल्या स्वरूपात घडवून थिएटरपर्यंत पोचवते. म्हणून आधी प्रत्येक थिएटरला विचारा: सर्व्हर कोणत्या कंपनीचा, मॉडेल काय, सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. "डिजिटल आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका.

---

शिरोरेखा

मला इथे मानकापेक्षा देवनागरीची काळजी वाटते, कारण खरी पडझड तिथेच होते.

इंग्रजी सबटायटल मजकूर म्हणून दोन्ही मानकांत बिनधास्त द्या. मराठी सबटायटल मजकूर म्हणून कुठल्याही मानकात देऊ नका. मजकूर पडद्यावर रंगवण्याचं काम सर्व्हर किंवा प्रोजेक्टर करतो आणि त्याच्यात अक्षरजुळणीचं यंत्र असेलच असं नाही. नसेल तर पहिली वेलांटी अक्षरानंतर पडते, जोडाक्षरांऐवजी पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसतात, रफार जागेवर बसत नाही. तुमच्या संगणकावरच्या प्लेअरमध्ये सगळं अचूक दिसेल, कारण तिथे जुळणी ऑपरेटिंग सिस्टिम करते. त्या दिसण्यावर विश्वास ठेवू नका. एखाद्या सर्व्हरची परीक्षा घ्यायची असेल तर "किर्र", "वाऱ्यावर", "क्षितिज", "ज्ञानेश्वर", "ट्रॉली" आणि "अ‍ॅप" एवढे सहा शब्द दाखवून पाहा.

उपाय दोन. एक, सबटायटल चित्रातच छापून टाकणं. डीसीपी-ओ-मॅटिक हे डीसीपी बनवणारं सॉफ्टवेअर चित्रात छापताना पँगो ही अक्षरजुळणीची लायब्ररी वापरतं, त्यामुळे जोडाक्षरं बरोबर येतात. सगळ्यात खात्रीचा मार्ग हाच. तोटा असा की चित्र पुन्हा एन्कोड होतं आणि पूर्ण आकाराची दुसरी प्रत होते.

दुसरा, प्रत्येक वाक्याची पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी प्रतिमा. ही सोय दोन्ही मानकांत आहे. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये डी-सिनेमा इंटरऑप आणि डी-सिनेमा एसएमपीटीई असे दोन्ही पीएनजी निर्यातीचे पर्याय आहेत. एक्सएमएल आणि प्रतिमा एकदम निघतात. अक्षराचा आकार: मजकुरासाठी नेहमी वापरतात तो ४२ हा आकार १०८० उंचीवर साधारण ५७ पिक्सेल होतो. देवनागरीला तोच ठेवा, पण ओळींमधलं अंतर वाढवा. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात. पांढऱ्यावर बारीक काळी कड द्या. पांढऱ्या, चमकत्या दृश्यात कडेशिवायचं पांढरं अक्षर वाचताच येणार नाही.

इथे मानकांतला फरक ठळक होतो. इंटरऑपमध्ये एक्सएमएल, फॉन्ट आणि पीएनजी सगळं सुटं असतं. बाराशे वाक्यं म्हणजे बाराशे फाइली, आणि त्यातली प्रत्येक अ‍ॅसेटमॅपमध्ये नोंदलेली हवी. नोंद राहिली की सर्व्हर ती फाइल उचलतच नाही आणि तेवढं वाक्य पडद्यावर येत नाही. एसएमपीटीईत हे सगळं एका एमएक्सएफमध्ये गुंडाळलं जातं, त्यामुळे हरवण्याचा प्रश्न राहत नाही. बीव्ही २.१ प्रमाणे हा एमएक्सएफ ११५ एमबीच्या आत हवा. वीस वीस मिनिटांची रीळं (डीसीपीचे सलग तुकडे) केली तर सहज बसतो.

फॉन्टचंही तसंच. इंटरऑपला ६४० केबीच्या आतला फॉन्ट द्या, एसएमपीटीईची मर्यादा १० एमबी. मोठा युनिकोड फॉन्ट जसाच्या तसा कोंबला की जुना सर्व्हर तो नाकारतो आणि स्वतःचा काहीतरी लावतो. इंग्रजीसाठी लॅटिन अक्षरांपुरता छाटलेला फॉन्ट पुरतो.

वेळेची मोजणी वेगळी आहे हे विसरू नका. इंटरऑपमध्ये चौथा आकडा टिकचा, एक टिक ४ मिलिसेकंद. एसएमपीटीईत तो फ्रेमचा. अर्धा सेकंद म्हणजे तिथे १२५, इथे १२. एसएमपीटीईची फाइल नाव बदलून इंटरऑपमध्ये खपवली तर तो १२ म्हणजे ४८ मिलिसेकंद समजला जातो आणि वाक्य जवळपास अर्धा सेकंद आधी उमटतं. चूक प्रत्येक वाक्यात वेगळी, म्हणून सगळं एकदम पुढेमागे सरकवून ती दुरुस्त होत नाही.

बीव्ही २.१ ची पथ्यंही पाळा, ती इंटरऑपलाही उपयोगी आहेत: पहिलं वाक्य पहिल्या रीळाच्या चौथ्या सेकंदानंतर, प्रत्येक वाक्य किमान १५ फ्रेम, दोन वाक्यांत किमान २ फ्रेमची फट, तीनपेक्षा जास्त ओळी नाहीत, ओळीत ५२ च्या आत अक्षरं.

---

मिठागर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन शंका.

एक, एसएमपीटीई करून ठेवलं आणि नंतर इंटरऑप लागलं तर चित्र पुन्हा एन्कोड करावं लागेल का? दोन, एन्क्रिप्शन करावं का? तीन, प्रमाणपत्र उशिरा आलं तर सगळं पॅकेज पुन्हा करावं लागेल, ते टाळता येईल का?

---

बूथ_क्रमांक_दोन

चित्र पुन्हा एन्कोड करावं लागत नाही. एमएक्सएफ सोडवून आतल्या जेपेग २००० च्या फ्रेम बाहेर काढायच्या आणि दुसऱ्या मानकाच्या लेबलांत पुन्हा गुंडाळायच्या. एएसडीसीपीलिब या सॉफ्टवेअर लायब्ररीच्या साधनांनी हे होतं, वेळ फक्त कॉपीचा लागतो. ध्वनीचंही तसंच, फक्त इंटरऑप प्रतीला सहा चॅनल पुरेत. सबटायटल मात्र मूळ फाइलीतून नव्याने निर्यात करा, तयार एक्सएमएलमध्ये हातानं बदल करू नका.

दोन अटी. पहिली, मूळ एमएक्सएफ एन्क्रिप्ट न केलेला हवा. म्हणून उघडी प्रत स्वतःकडे कायम जपून ठेवा. एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीतली अखंडता तपासण्याची खूणही दोन मानकांत वेगळ्या रीतीने काढतात, त्यामुळे तिथे लेबलांची सरमिसळ झाली तर किल्ली बरोबर असूनही सर्व्हर खेळ थांबवतो.

दुसरी, प्रत्येक नव्या फाइलीला नवा यूयूआयडी (एकमेव ओळखक्रमांक). जुनाच ठेवला तर सर्व्हर म्हणतो ही फाइल माझ्याकडे आहे, आणि जुनीच चालवतो. दुरुस्त केलेली प्रत पाठवली तरी पडद्यावर चूक तशीच, यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

ओव्ही (मूळ पॅकेज) आणि व्हीएफ (त्यावरचं पूरक पॅकेज) यांतही मानकं मिसळत नाहीत. मूळ पॅकेज इंटरऑप आणि त्यावर सबटायटलचं पूरक पॅकेज एसएमपीटीई, असं जमत नाही. मराठी सबटायटलची पीएनजी प्रत व्हीएफ म्हणून केली तर ती छोटी राहते, चित्र ओव्हीतलंच वापरते. पण थिएटरात ओव्ही आधी चढलेलं हवं. एका सीपीएलमध्ये पडद्यावरच्या सबटायटलचा ट्रॅक एकच असतो, म्हणून इंग्रजी आणि मराठीसाठी दोन वेगळे सीपीएल लागतील.

प्रमाणपत्राचं उत्तर रीळांतच आहे. पहिलं रीळ फक्त प्रमाणपत्राचं करा. दहा सेकंद, म्हणजे २४० फ्रेम. रीळ एका सेकंदापेक्षा लहान चालत नाही, दहा सेकंदांचं बेलाशक चालतं. प्रमाणपत्र आलं की तेवढ्याच रीळाचा एमएक्सएफ नवा, सीपीएल आणि पीकेएल (पॅकेजमधल्या फाइलींची यादी) नवे, बाकी चित्रपटाला हात नाही. महोत्सवासाठी त्या रीळाशिवायचा दुसरा सीपीएल त्याच फोल्डरात ठेवता येतो. एकच लक्षात ठेवा: एका रीळात सबटायटलचा ट्रॅक असेल तर सगळ्या रीळांत असावा. प्रमाणपत्राच्या रीळातही तो द्यायचा, आणि तो पूर्ण रिकामा नको. आत एक मोकळ्या जागेचं वाक्य ठेवायचं.

---

कुलूपकिल्ली

एन्क्रिप्शनबद्दल. व्यावसायिक प्रदर्शन मोठं नसेल तर करू नका. कुलूप लावलं की प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी केडीएम (कुलूप उघडणारी किल्लीची फाइल) लागते, आणि केडीएम एका ठरावीक सीपीएलशी बांधलेली असते. म्हणजे इंटरऑपची किल्ली एसएमपीटीई प्रतीला चालत नाही, प्रमाणपत्र घातलेल्या नव्या सीपीएललाही जुनी चालत नाही. दहा थिएटरं आणि दोन सीपीएल म्हणजे वीस किल्ल्या.

करायचंच असेल तर थिएटरकडून सर्व्हरचं सर्टिफिकेट मागवा, नुसता अनुक्रमांक पुरत नाही. मधल्या काळात सर्व्हरचं मीडिया ब्लॉक बदललेलं असेल तर सर्टिफिकेटही बदललेलं असतं, म्हणून वर्षापूर्वीचं वापरू नका. किल्लीची मुदत खेळाच्या आदल्या दिवसापासून सुरू करा, नाहीतर चाचणीच घेता येत नाही. वेळ लिहिताना अधिक ५:३० तपासा, आणि परदेशच्या खेळासाठी तिथली वेळ धरा. सबटायटल ट्रॅकला कुलूप लावणं फक्त एसएमपीटीईत शक्य आहे. पण लावू नका, जुन्या सर्व्हरवर त्यापायी अडण्याची शक्यता उगाच वाढते.

कर्णबधिरांच्या प्रतीचं तुम्ही मनावर घेतलंय ते फार चांगलं. मार्च २०२४ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरातल्या चित्रपटांच्या सुगम्यतेबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या एकदा वाचून घ्या. पुढे दृष्टिहीनांसाठी निवेदन केलंत तर आठवा चॅनल त्याचाच आहे, आणि लेबलांसह तो देण्याची नीट सोय एसएमपीटीईत आहे. एसएमपीटीईच्या बाजूने माझं सगळ्यात मोठं कारण हेच.

---

जुनी_टॉकी

डिस्कचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. उत्तम डीसीपी चुकीच्या डिस्कवर गेलं तर मानकाचा प्रश्न येण्याआधीच खेळ अडतो.

एमबीआर पद्धतीचं एकच पार्टिशन, त्यावर ईएक्सटी२ किंवा ईएक्सटी३. फॉरमॅट करताना इनोडचा (फाइलीची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा) आकार १२८ बाइट सांगा. आजकालचं लिनक्स आपण होऊन २५६ घेतं आणि जुन्या सर्व्हरना ती डिस्क वाचता येत नाही, नुसती रिकामी दिसते. बरेच सर्व्हर एनटीएफएस वाचतात, पण सगळे नाही. एक्सफॅट आणि मॅकचं फॉरमॅट टाळा. मॅकवरून कॉपी केलं की ठिपक्याने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली सोबत येतात, त्या काढून टाका. पोर्टेबल डिस्कला वेगळा वीजपुरवठा लागत असेल तर अडॅप्टर सोबत द्या.

इंटरऑप आणि एसएमपीटीई दोन्ही प्रती एकाच डिस्कवर द्यायच्या तर दोन स्वतंत्र फोल्डर करा आणि सीपीएलच्या नावात फरक स्पष्ट ठेवा. आयएसडीसीएफ या डिजिटल सिनेमा मंचाच्या नामपद्धतीत त्यासाठी जागा आहे: शेवटाकडे आयओपी किंवा एसएमपीटीई, त्यानंतर ओव्ही किंवा व्हीएफ. भाषेच्या रकान्यात सबटायटल चित्रात छापलेलं असेल तर त्याचा कोड लहान रोमन अक्षरांत, वेगळ्या ट्रॅकवर असेल तर मोठ्या. बूथमधला माणूस हे नाव बघूनच निवड करतो, पोस्टरवरचं नाव त्याच्या कामाचं नाही.

कॉपी झाल्यावर हॅश (फाइल जशीच्या तशी आहे का हे दाखवणारी खूण) पडताळा. डीसीपी-ओ-मॅटिकसोबत येणारं व्हेरिफायर पुरेसं आहे. ते बीव्ही २.१ च्या चुका आणि सूचना वेगवेगळ्या दाखवतं. हॅशची चूक आली तर ती डिस्क पाठवायचीच नाही. सूचना वाचून ठरवा. पहिल्या चार सेकंदांतच आलेल्या वाक्यासाठी कोणी खेळ थांबवत नाही, पण एखाद्या रीळातला ट्रॅक नसल्याची सूचना आली तर ती दुरुस्त कराच.

---

मिठागर

तर आता असं ठरवतोय: मुख्य प्रत एसएमपीटीई, २४ फ्रेम, उघडी. इंग्रजी मजकूर म्हणून, मराठी पीएनजी व्हीएफमध्ये. एकपडद्यांची सर्व्हरची यादी मागवतो आणि जिथे जुनी जोडी निघेल तिथे पुन्हा गुंडाळलेलं इंटरऑप. मंडळाच्या खेळाचं तेवढं सांगा. त्या थिएटरशी बोलणं फक्त स्वयंसेवकांमार्फत होतंय.

---

शिरोरेखा

जुन्या जोडीच्या थिएटरात मराठी प्रत लावायची असेल तर तिथे पीएनजीही नको, चित्रात छापलेलंच द्या. तेवढ्या प्रतीपुरतं पुन्हा एन्कोड करणं परवडतं.

---

बूथ_क्रमांक_दोन

मंडळाच्या ताई-दादांना थिएटरच्या प्रोजेक्शनिस्टला पाठवायला एकच निरोप लिहून द्या, इंग्रजीत आणि मोजका: २के फ्लॅट, २४ फ्रेम, ५.१, एसएमपीटीई, एन्क्रिप्शन नाही, सीपीएलचं पूर्ण नाव, लांबी, एकूण जीबी. सोबत साठ सेकंदांची चाचणी पाठवा. तीही दोन रीळांची करा, दोन्ही रीळांत इंग्रजी सबटायटल, आणि पहिल्यात एकेका स्पीकरमधून त्याचं नाव बोललेलं. ती डाउनलोड करायला हलकी असते आणि बहुतेक दोष तिच्यातच उघडे पडतात: सबटायटल येत नाही, दुसऱ्या रीळात नाहीसं होतं, मधला आणि उजवा अदलाबदल झालेत, चित्र स्कोपच्या लेन्स सेटिंगवर आहे.

डिस्क किमान दहा दिवस आधी पोचवा आणि चढवून झाल्यावर मधली दोन आणि शेवटची पाच मिनिटं चालवून बघायला सांगा. फक्त सुरुवात बघून पुढे जाऊ देऊ नका. २५ चे २४ करताना सबटायटल किंवा ध्वनी सरकला असेल तर पहिल्या मिनिटात फरक अडीच सेकंदांचा असतो आणि "थोडं मागेपुढे आहे" म्हणून सोडला जातो. शेवटी तोच फरक चार मिनिटांचा झालेला असतो.